इंजिनाचा ठोका आणि कुंडीतली माती

ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात विहिरीच्या काठावर गेलं, त्यांना ऑईल इंजिनाचा ठोका आजही झोपेत ओळखू येईल. आधी एकेक ठोका सुटा ऐकू यायचा, मग ते ठोके एकमेकांत मिसळत जायचे आणि पाण्याचा पहिला लोट भसकन पाटात पडायचा. रात्री शिवारात तीन-चार इंजिनं एकदम चालू असली तरी कुठलं कुणाचं हे आमच्याकडची मोठी माणसं अंथरुणावर पडल्यापडल्या सांगायची. ठोका अडखळला की ‘डिझेल संपत आलं वाटतं त्यांचं’ असं पुटपुटून कूस बदलायची.

सरकारी रुग्णालयात माझी जवळपास तीस वर्षं गेली. बाह्यरुग्ण विभागात येणारे निम्मेअधिक लोक शेतीवर जगणारे. रक्तदाब मोजता मोजता गप्पा निघतात आणि त्या हमखास कुठल्यातरी यंत्रावर येतात. मला नेहमी नवल वाटतं ते एका गोष्टीचं. ज्या यंत्रानं दोन बोटं नेली, त्या यंत्राबद्दलही माणूस घरातल्या म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलावं तसं मायेनं बोलतो. ‘पंचवीस वर्षं चाललं, कधी दगा दिला नाही,’ असं सांगतो, आणि सांगताना तोच बोटं नसलेला हात हवेत फिरवतो.

ही माया समजण्यासारखी आहे. यंत्र येण्याआधीचे कष्ट ज्यांनी पाहिले, त्यांना मोट, तिवड्याभोवती फिरणारे बैल आणि वाऱ्याची वाट पाहत वावडीवर उभं राहून केलेली उफणणी आठवते. आपल्याकडच्या शेतीयंत्रांची सुरुवातही वैरणीपासून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून आधी कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनवला. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाच्या फाळानं जमीन नासते असं मानणारे लोक तेव्हा होते. पुढे त्यांच्याच नातवंडांनी इंजिनाला दसऱ्याला झेंडूचा हार घातला.

इंजिन सुरू करणं हा घरचा सोहळाच असायचा. वरची कळ उचलून आतला दाब सोडायचा, हँडल घालून चाक गरागरा फिरवायचं, वेग आला की कळ पाडायची. कळ पाडायचं काम पोराकडे आणि हँडल मोठ्यांकडे. कधी इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल मनगटावर आदळायचं. मनगटापाशी, अंगठ्याच्या बाजूला, रेडियस हाडाचं टोक तुटतं त्याला अस्थिरोगाच्या पुस्तकांत ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. पूर्वी मोटारीही हँडल मारूनच सुरू होत, तेव्हा शोफरांची मनगटं अशी मोडायची, म्हणून ते नाव पडलं. मेडिकलला हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्गातल्या शहरी मुलांना ते पाठ करावं लागलं. गावाकडून आलेल्या आम्हा दोघातिघांना मात्र विहिरीवरचा कुणी ना कुणी काका आठवला. हँडल धरताना अंगठा मुठीभोवती न घेता बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हे त्या काकांनी शिकवलेलं होतं. सल्ला अगदी बरोबर होता. झटका बसलाच तर हँडल हातातून सुटून जातं, अंगठा त्यात अडकत नाही.

त्या काळच्या सगळ्याच सवयी मात्र इतक्या शहाण्या नव्हत्या. पिंपातून डिझेल काढायला नळीचं एक टोक तोंडात धरून ओढायचं, ही रीत अजून गेलेली नाही. रॉकेल-डिझेल पोटात गेलं तर त्रास होतो, पण त्याहून वाईट म्हणजे त्याचा थोडासा अंश श्वासनलिकेत जाणं. हे पातळ तेल फुप्फुसात झरझर पसरतं आणि काही तासांत न्यूमोनियासारखा दाह होतो. अशा माणसाला मीठ-पाणी पाजून उलटी करायला लावणं घातक, कारण वर येताना तेच तेल पुन्हा श्वासनलिकेत उतरू शकतं. काही पाजायचं नाही, सरळ दवाखान्यात आणायचं. साधा हातपंप मिळतो तेव्हा तोंड कशाला लावायचं, हा माझा जुना वाद आहे आणि तो मी अनेकांशी घातला आहे.

दुसरी एक जखम आहे, जी डॉक्टरांच्याही नजरेतून निसटू शकते. डिझेल इंजिनाचा नोझल नीट फवारा मारतो का हे पाहायला कुणी त्यापुढे बोट धरतं. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपातली गळती शोधताना किंवा ग्रीस गन वापरतानाही हेच घडतं. दाब इतका प्रचंड असतो की तेल कातडी भेदून बोटात शिरतं. वरून दिसतं ते सुईच्या टोकाएवढं भोक. पहिले काही तास फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस काम आटोपून, जेवून, दुसऱ्या दिवशी येतो. तोवर बोट टरारून सुजलेलं, आतल्या पेशी मरायला लागलेल्या. टाचणी टोचल्यासारखी दिसणारी ही जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. ‘नोझलचं तेल आत गेलंय’ हे वाक्य डॉक्टरला स्वतःहून सांगा. ते एक वाक्य बोट वाचवू शकतं.

आता कडबाकुट्टी. माझ्या पिढीला हिचं मोठं आकर्षण होतं. हातानं फिरवायचं ते मोठं चाक, त्याच्या आऱ्यांना बसवलेली वाकडी पाती, आणि पेंढीचा शेंडा आत गेला की येणारा खच्‌ खच्‌ आवाज. ओल्या मक्याची कुट्टी पडली की गोठ्यात गोडसर वास सुटायचा. एकानं पेंढी सारायची, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. दुसरा बहुतेकदा शाळेतून आलेला पोरगा. तो गंमत म्हणून वेग वाढवायचा आणि सारणाऱ्याचं लक्ष चुकायचं. पुढे चाकाच्या जागी मोटर आली, तेव्हा दया करायला चाकामागे माणूसही उरला नाही.

कडबाकुट्टीची इजा मोठी क्रूर असते. पातं धारदार असलं तरी त्याच्या आधी वैरण आत ओढणारे दातेरी रूळ असतात. ते आधी हात चेंगरतात आणि पातं नंतर कापतं. त्यामुळे तुटलेलं प्रत्येक बोट जोडता येईलच असं नाही. पण जोडता येईल की नाही हे ठरवण्याचा हक्क शल्यचिकित्सकाला मिळावा एवढं तरी आपल्या हातात असतं. तुटलेलं बोट शोधून आणायचं. ते सलाइननं किंवा स्वच्छ पाण्यानं ओलसर केलेल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या भांड्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून मरतं, पाण्यात बुडवलं तर फुगतं. नुसतं बोट असेल तर, त्यात स्नायू नसल्यामुळे, नीट थंड ठेवल्यास बारा तास उलटून गेल्यावरही आशा असते. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताची मुदत बरीच कमी, सहा तासांच्या आसपास. इकडे जखमेवर स्वच्छ कापडाचा घट्ट दाब द्यायचा आणि हात वर धरायचा. हळद, चहापूड, डिझेल, गुलाल यांतलं काहीही लावायचं नाही. ते धुऊन काढण्यातच शल्यचिकित्सकाचा वेळ जातो. उरलेल्या बोटात अंगठी असेल तर ती सूज येण्याआधी काढा.

हल्ली कडबाकुट्टीच्या पात्यांवर जाळीचं झाकण, काम झाल्यावर चाक अडकवून ठेवायची खिट्टी, आणि हात फार पुढे गेला तर आधीच सावध करणारा रूळ अशा सोयी मिळतात. जुन्या यंत्रालाही गावातला लोहार झाकण बसवून देऊ शकतो. तरीही मी भेट दिलेल्या गोठ्यांत बहुतेक झाकणं कोपऱ्यात पडलेली दिसली, कारण ‘काम हळू होतं’. मळणी यंत्राचंही तसंच. त्यासाठी तर १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रांविषयी कायदाच केला. कणसं सारायचा घसाटा हातापेक्षा लांब आणि वरून झाकलेला असावा, म्हणजे हात आतल्या फिरत्या भागापर्यंत पोचणारच नाही, हे त्यामागचं साधं तत्त्व. मळणी मात्र रात्री चालते. पाऊस यायच्या आत, भाड्याचं यंत्र दुसरीकडे जायच्या आत, एका बल्बच्या उजेडात, दिवसभर राबलेल्या माणसांकडून. अपघातांचं मूळ शोधायचं तर मी आधी त्या बल्बकडे आणि त्या थकव्याकडे बोट दाखवीन.

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला एक दांडा फिरत असतो, ज्यावर रोटाव्हेटर वगैरे चालतात. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक, धोतराचा सोगा, मफलर त्यात अडकला तर ‘अगं’ म्हणायच्या आत दोन-तीन हात कापड गुंडाळलं गेलेलं असतं. या दांड्यावर नळकांड्यासारखं झाकण असायलाच हवं. पदर खोचून, वर जुना शर्ट चढवून काम करायची आपल्या बायकांची रीत इथे जीव वाचवणारी आहे. आणखी एक चौकट असते, ट्रॅक्टर उलटला तरी चालक चिरडू नये म्हणून डोक्यावर बसवलेली. स्वीडननं ती नव्या ट्रॅक्टरांना १९५९ सालीच सक्तीची केली आणि तिथले उलटण्यातले मृत्यू झपाट्यानं खाली आले. आपल्या रस्त्यांवर ऊस भरून चाललेल्या ट्रॅक्टरांवर टेप असतो, गोंडे असतात, चौकट क्वचितच.

अपघात झालाच तर एक गोष्ट माहीत असू द्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख, आणि एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेल्यास एक लाख रुपये शेतकरी कुटुंबाला मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. रुग्णालयातून घरी जाताना जखमेचे आणि उपचारांचे कागद जपून न्या. पुष्कळांचं अडतं ते कागदांवर.

न दिसणारी इजा कानाची. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि दिवसाचे आठ तास ऐकायचा तर ८५ ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. अशा आवाजानं आधी उंच पट्टीचे स्वर ऐकणाऱ्या पेशी मरतात, खालच्या पट्टीचे शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे एक मजेशीर तक्रार ऐकू येते. ‘डॉक्टरसाहेब, ह्यांना मी बोललेलं कळत नाही, पण दोन शेतं पलीकडचं इंजिन बिघडलेलं बरोबर कळतं.’ त्या माउलीला वाटतं नवरा सोंग करतोय. तो सोंग करत नसतो. स, श, फ, त ही व्यंजनं उंच पट्टीत असतात, ती त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. इंजिनाचा घनगंभीर ठोका पोचतो. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण श्रवणयंत्रानं संसार बराच सुसह्य होतो, हे मी पाहिलेलं आहे.

अशी माणसं साठी-पासष्टीनंतर मुलाकडे शहरात येतात. तिसरा मजला, दोन खोल्या, गॅलरीला लोखंडी जाळी. ज्यानं जन्मभर पहाटे उठून पाणी धरलं, त्याला पहाटे उठून करायचं काहीच उरत नाही. झोप जाते, भूक जाते, चिडचिड वाढते. साखर आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. घरचे म्हणतात, ‘आता आराम करा ना.’ अशा एका आबांना मी गोळ्यांच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ लिहिली होती, ‘कुंड्या चार’. आबा हसले. ‘चार कुंड्यांत काय पिकणार साहेब? आमची चार एकर होती.’ पुढच्या खेपेला येताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कढीपत्त्याची डहाळी आणली. त्यांचाही उजवा हात कडबाकुट्टीचा, तीन बोटं अर्धी. खुरपं धरवत नाही म्हणून त्यांनी मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली होती. आमच्या भौतिकोपचार विभागात पकड कमजोर असलेल्यांना जाड मुठीची साधनं देतात, ती याच हिशेबानं. आबांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

बागकामानं बरं वाटतं यामागे काही तपासलेल्या गोष्टी आहेत. रॉजर उलरिक या संशोधकानं १९८४ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणाऱ्या खाटांवरचे रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली होती. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये छोट्या बागा राखणाऱ्यांना आधी ताण येईल असं काम देऊन मग अर्धा तास काहींना बागेत पाठवलं, काहींना वाचायला बसवलं. रक्तातल्या ताणाशी जोडलेलं कॉर्टिसोल हे संप्रेरक लाळेत मोजलं, तर ते दोन्ही गटांत उतरलं, पण बागेत गेलेल्यांचं जास्त. हे अभ्यास लहान आहेत, त्यांच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण तेवढ्यासाठी कुणाला कुंडी नाकारायचीही गरज नाही. मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माती उकरणं, पाणी वाहून नेणं, कुंड्या हलवणं हे सगळं त्यात धरता येतं. ‘फिरायला जा’ म्हटलं की तोंड फिरवणारा माणूस दोडक्याच्या वेलापायी तासभर सहज उभा राहतो.

आणि मातीचा वास! पहिल्या पावसाच्या वासातला मोठा वाटा जिओस्मिन या द्रव्याचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू ते तयार करतात आणि आपलं नाक त्याचा अतिसूक्ष्म अंशही टिपतं. याच कुळातल्या एका जिवाणूपासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी त्याची इंजेक्शनं भरपूर दिली. कुंडी ओली केल्यावर येणाऱ्या वासानं मला अजूनही क्षयरोगाचा वॉर्ड आठवतो, याला व्यवसायदोष म्हणा.

गावाकडची परसबाग तर अर्धं स्वयंपाकघरच होती. मोरीच्या पाण्यावर आळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, विहिरीजवळ लिंबू, दाराशी गवती चहा. यात आहारशास्त्र होतं. शेवग्याच्या पाल्यात लोह आणि कॅल्शियम असतं, आणि त्यावर पिळलेल्या लिंबातल्या क जीवनसत्त्वानं ते लोह अंगी लागायला मदत होते. (जेवणावर लगेच घेतलेला चहा उलटं काम करतो.) आळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो आणि म्हणून फतफत्यात चिंच पडते. मुतखडा वारंवार होणाऱ्यांनी मात्र आळू बेतानंच खावं.

बागेचेही काही नियम आहेत. धनुर्वाताचे जंतू मातीत बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं राहतात. मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी लस घ्यावी आणि खोल, मळलेली जखम झाली तर डॉक्टरांना विचारावं. मधुमेहींनी अनवाणी मातीत उतरू नये. पायाला काटा रुतलेला कळत नाही आणि आठवड्यानं पाय काळा पडून येतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उकिडवं बसून एकदम उठू नका, डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कठड्यावर आदळतो. स्टूल घ्या, किंवा कुंड्याच कमरेच्या उंचीवर मांडा. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून ताटली घासा. नुसतं ओतून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. बाटलीतला मनी प्लांटही याच हिशेबात धरा. लहान मुलं असतील तर पिवळी कण्हेर घरात नको, तिच्या बिया हृदयाचे ठोके बिघडवतात. आणि घरच्या भाजीवर शेतातलं कीटकनाशक आणून मारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले ते आपण वाचलेलं आहे. मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा किंवा साबणाचं पातळ पाणी बहुधा पुरतं.

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याला मी मेथी सुचवतो. बियाणं विकत आणायचीही गरज नाही, स्वयंपाकघराच्या डब्यातले दाणे चालतात. रात्रभर भिजवायचे, तळाला भोक पाडलेल्या पसरट खोक्यात माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरायचं, दाणे पेरून बोटभर माती लोटायची आणि झारीनं पाणी द्यायचं. चार-पाच दिवसांत हिरवे ठिपके दिसतात, तीन-चार आठवड्यांत एक भाजी होते. आबांची पहिली भाजी चौघांत वाटून प्रत्येकी दोन घास आली होती, आणि त्यांनी सुनेला सांगितलं, ‘पुढच्या खेपेला खोकी तीन कर.’